डावं पान, उजवं पान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची आणि आत चिकटवलेल्या कात्रणांमुळे दुप्पट फुगलेली. माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. माझ्या पोटात चौतीस वर्षांची नाटकं आहेत.

पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने माझी पानं दुहेरी दोऱ्याने शिवली, तेव्हा मी फार कुरकुरले. मग औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दोघांनाही नाटकाचं भारी वेड.

रविवारी दुपारचा प्रयोग पाहायचा आणि संध्याकाळच्या चहाबरोबर माझ्या उजव्या पानावर आपलं मत लिहायचं. गुरुवारच्या वर्तमानपत्रात त्या नाटकाचं परीक्षण आलं, की ते कापून डाव्या पानावर डकवायचं. आधी आपलं, मग त्यांचं. हा नियम बाईंचा होता.

त्यामुळे माझ्या पानापानांवर भांडणं आहेत. डावीकडे समीक्षक म्हणतात, ‘भव्य नेपथ्याने डोळे दिपतात.’ उजवीकडे बाईंचं अक्षर : ‘खांब डुगडुगत होता. नायकाने एका हाताने तो सावरला आणि दुसऱ्या हाताने प्रेम केलं.’ एका ठिकाणी डावीकडे आहे, ‘दुसरा अंक फार रेंगाळतो.’ उजवीकडे घड्याळवाले लिहितात, ‘दुसऱ्या अंकात हिने माझा हात धरला, तो पडदा पडेपर्यंत सोडला नाही. अंक फारच लहान होता.’

एकदाच नियम मोडला. नाटक पाहिलं, पण पाहुण्यांच्या गडबडीत लिहायचं राहिलं आणि परीक्षण आधी वाचलं गेलं. त्यात होतं, ‘प्रयोग फसला.’ दोघांनीही मुकाट्याने तेच लिहिलं. वर्षभराने ते पान उघडलं, तर त्या नाटकातलं दोघांनाही काही म्हणजे काही आठवेना. बाई फार हळहळल्या.

पुढे गुडघे दुखू लागले, नाटकं सुटली. दोघं लेकीकडे राहायला गेली आणि मी तिथल्या कपाटावर, एका बॅगेखाली. सहा वर्षं मला कुणी हात लावला नाही. कसरीने माझे कोपरे खाल्ले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग घड्याळवाल्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. वाचा-उपचार करणाऱ्या ताई म्हणाल्या, “त्यांच्याशी रोज बोला. त्यांच्या ओळखीचं काहीतरी वाचून दाखवा.” त्याच दिवशी बाईंनी मला खाली काढलं.

रोज सकाळी दहाला त्या मला मांडीवर घेऊन बसत. उजवी पानं वाचत. घड्याळवाले हसत, मान डोलवत. शब्द मात्र एकही नाही. दोन महिने गेले. माझं एकेक पान सुटायला आलं होतं. मीही मनाशी पक्कं केलं, हा माणूस बोलेपर्यंत एकही पान गळू द्यायचं नाही.

“आई, किती वाचशील? जरा पड ना,” लेक म्हणाली.

“ते बोलले की पडते,” बाई म्हणाल्या.

उजवी पानं पाच वेळा वाचून झाली, तेव्हा बाईंनी डावी सुरू केली. घसा खाकरून, समीक्षकाच्या रुबाबात त्यांनी वाचलं, “दुसरा अंक फार रेंगाळतो.”

घड्याळवाल्यांनी टेबलावर हात आपटला. “खो... खोटं!”

बाई रडल्या, हसल्या आणि लगेच पुढचं परीक्षण काढून बसल्या. अजिबात दया दाखवली नाही त्यांनी. रोज एक समीक्षक आणि रोज एक नवा शब्द. ‘छे’ आला. ‘काहीतरीच’ आलं. एका सकाळी तर ‘शहाणा मोठा’ असे दोन शब्द जोडीने आले.

गेल्या रविवारी लेकीने दोघांना नाटकाला नेलं, दुखऱ्या गुडघ्यांच्या घड्याळवाल्यांना चाकाच्या खुर्चीतून. संध्याकाळी घड्याळवाल्यांनी अडखळत सुटे शब्द सांगितले, बाईंनी ते जुळवून उजवीकडे लिहिलं : ‘सगळं कळलं नाही. मजा आली.’

गुरुवारी बाईंनी परीक्षण वाचलं, “हे नाटक प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाही.”

घड्याळवाले बराच वेळ ओठ हलवत राहिले. कुणीही त्यांना शब्द पुरवला नाही. मग ते स्वतःच म्हणाले, “मग मी... तिथे... कोण म्हणून बसलो होतो?”

झटक्यानंतरचं त्यांचं ते पहिलं अख्खं वाक्य. बाईंनी ते कात्रणाशेजारी लिहिलं आणि भिंतीला टेकून दहा मिनिटं डोळे मिटले.

मित्रांनो, जाणकारांचं जरूर वाचा. मी त्यांना पोटात जागा दिली आहे. पण जे तुम्ही पाहिलंत, ते आधी तुमच्या शब्दांत लिहून ठेवा. आणि घरात माझ्यासारखी एखादी वही असेल, तर रद्दीत घालण्याआधी ती कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा.