तोंडपाठ झालेला तक्ता

मी एक जुना वाचनाचा तक्ता आहे. मित्रांनो, वर्गाच्या भिंतीवर टांगलेले मोठे, रंगीत तक्ते तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्यातला नाही. मी वहीच्या पानाएवढा, जाड कागदाचा, काळ्या अक्षरांचा. एका मुलाच्या हातात दोन-तीन मिनिटं राहायचं आणि पुढच्या घरी जायचं, एवढंच माझं काम. तेवढ्या वेळात एका मुलीचं केवढं नुकसान माझ्या हातून झालं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे. नीट सांगता येईल की नाही, याची शंका आहे. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा मजकूर एका निवृत्त गुरुजींनी लिहिला. त्यांनी चार चौकोन आखले. पहिल्यात सुटी अक्षरं, दुसऱ्यात सोपे शब्द, तिसऱ्यात चार ओळींचा उतारा आणि चौथ्यात एक गोष्ट. गोष्टीपाशी ते फार अडले. दुसरीतल्या मुलाला वाचता यायला हवी, म्हणून अवघड जोडाक्षर नको. पुन्हा ती गोष्टीसारखीही वाटायला हवी. कितीतरी कागद फाडल्यावर त्यांनी लिहिलं: 'एक खार होती. तिने शेंगा मातीत पुरल्या. कुठे पुरल्या ते ती विसरली. ती खूप रडली. मग पाऊस आला. मातीतून हिरवे कोंब वर आले. खार म्हणाली, सापडल्या माझ्या शेंगा. पण आता खायच्या कशा?'

शेवटची ओळ लिहून गुरुजी स्वतःशीच हसले. ती ओळ इतकी गमतीची नसती तर बरं झालं असतं, असं मला पुढे अनेकदा वाटलं. पण त्यांना बोल लावणारा मी कोण?

छापखान्यातून मी एका मोठ्या खोलीत आलो. तिथे पाहणीला निघालेल्या तरुण मुलामुलींचं शिक्षण चाललं होतं. गावागावांत जायचं, वीस घरं निवडायची, घरातलं कोणतं मूल शाळेच्या पटावर आहे ते लिहायचं आणि मला पुढे करून त्याला वाचता येतं का ते पाहायचं. ज्या गावात निम्म्याहून जास्त मुलांना वाचता येणार नाही, तिथे शाळा सुटल्यावर तीन महिन्यांचा वाचनवर्ग सुरू होणार होता. शिकवणारे साहेब जाड चष्म्याचे आणि सावकाश बोलणारे होते. ते म्हणाले, "हा तक्ता मोजायच्या गावात आधी कुणालाही दाखवायचा नाही. सराव करायचा तो दुसऱ्या गावात. मुलांच्या कानावर पडला की नासला म्हणून समजा. आणि नासलेल्याचं पुन्हा दूध होत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला घेतलेल्या मुलीनेही डोलावली. कॉलेजात शिकणाऱ्या त्या मुलीला गावातली सगळी लहान मुलं ताई म्हणत. आपणही तिला ताईच म्हणू.

ताईला मोजायला दुसरं गाव मिळालं होतं, म्हणून तिने सरावासाठी आपलं स्वतःचं गाव धरलं. यात तिचं काहीच चुकलं नाही. तिच्या घरापासून तीन घरं सोडून पिठाची गिरणी होती. दुपारी वीज गेली की मुलं तिथे डब्यांची रांग लावून बसत. ताईने मला तिथे बाहेर काढलं.

"ताई, हे काय आणलंय?"

"वाचून बघायचं. कोण येतं आधी?"

"ह्याला द्या. हा फार शहाणा आहे, परीक्षेत शेजाऱ्याचं नावसुद्धा उतरवून आला होता."

"आणि तू? तुझं नाव तरी तुला येतं का?"

हसत, ढकलाढकली करत एकेकाने मला हातात घेतलं. ज्याला येत होतं त्याने वाचलं, आणि न येणाऱ्यांनी ऐकलं. 'पण आता खायच्या कशा?' आलं की सगळे खिदळायचे. दुसऱ्या दिवशी मुलं आपणहून आली. 'ताई, खार काढा.' चार दिवसांत माझी गोष्ट पाणी भरताना, दोरीच्या उड्या मारताना, गाडीच्या चाकाला काठी मारत पळताना ऐकू येऊ लागली. साहेबांचं बोलणं मी ऐकलं होतं, तरी मी आतून फुगलो. माझी भावंडं दोन मिनिटांत विसरली जात होती आणि मी एका गावाच्या तोंडी बसलो होतो. मित्रांनो, कौतुक फार गोड असतं. त्यात आपलं काय हरवतंय ते तेव्हा दिसत नाही.

त्या मुलांत गिरणीवाल्या आत्याची भाची होती. तिचे आईवडील कामासाठी लांब असत, म्हणून ती आत्याकडे राहायची. वय नऊ, इयत्ता चौथी, आणि तोंड अखंड चालू, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. एकदा कानावर पडलेला शब्द ती सोडत नसे. वर्गात पुढच्या मुलाने धडा वाचला की पाठोपाठ हिचा तोच धडा तयार. त्यामुळे तिच्या बाईंना कधी संशय आला नाही. मला मात्र आला. वाचणाऱ्याचे डोळे माझ्या अंगावरून चालतात, अडतात, दोन पावलं मागे येतात. टकळीचे डोळे माझ्या कोपऱ्यातल्या एका पिवळ्या डागावर स्थिर असायचे आणि तोंड खडाखडा गोष्ट म्हणायचं.

पाहणीच्या आदल्या दिवशी ताईच्या गावात मोजायला येणारा मुलगा तापाने आडवा झाला. गावांची अदलाबदल झाली आणि ताईच्या वाट्याला तिचंच गाव आलं. साहेबांनी फोनवर विचारलं, "चालेल ना? घरं तर तुझ्या ओळखीचीच आहेत."

एवढंच सांगायचं होतं की, साहेब, इथे तक्ता नासला आहे. ताई म्हणाली, "चालेल."

गिरणीच्या मागे आत्याची एकच खोली होती. कपाट, घड्याळ, खिडकीचे गज, सगळ्यावर पिठाचा पातळ थर. एरवी ताईला 'अगं' म्हणणारी आत्या त्या दिवशी 'अहो' म्हणत होती, कारण ताईच्या हातात छापील कागद होते.

"लिहा, चौथीत आहे. पटावर नाव आहे, एक दिवस शाळा बुडवत नाही. फक्त वाचता येतं का ते तेवढं बघा हो. मला विचारायची लाज वाटते. मी ही अशी, डब्यांवर खिळ्याने खुणा करून लोकांची पिठं ओळखते. एक चूक झाली की दोन घरांत भांडण. हिच्यावर ती वेळ नको."

नियम असा होता की आधी उतारा द्यायचा. ताईने मला धरलं तसं टकळी म्हणाली, "ते नको. मी गोष्टच वाचते." आणि तिने सुरुवात केली. ताईने मला खालून धरलं होतं आणि तिचा अंगठा नेमका शेवटच्या ओळीवर आडवा पडला होता. 'पण आता खायच्या कशा?' ही ओळ कुणालाच दिसत नव्हती. टकळीने ती न अडखळता म्हणून टाकली.

ताईचा अंगठा एकदम ताठ झाला. तिला कळलं होतं. मला ते तिच्या बोटांतून समजलं.

"छान," ती म्हणाली. "आता हे वरचे दोन-तीन शब्द वाचतेस?"

"आता शब्द कशाला?" आत्या म्हणाली. "डोंगर चढून आलेल्या माणसाला पायरी चढायला लावता होय?" आणि ती तोंड फिरवून डोळे पुसू लागली. "पीठ गेलं वाटतं डोळ्यात."

गिरणी सकाळपासून बंद होती.

ताईने पेन्सिल उचलली आणि टकळीच्या नावापुढे 'गोष्ट' या रकान्यात खूण केली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो, असं मी मनाला पुष्कळदा सांगतो. पण खरं काय ते सांगायला बसलोय, तर हेही सांगतो. त्या वेळी मला आपण एवढे पाठ झालो याचा अभिमानही वाटत होता.

वीस घरांत सव्वीस मुलं निघाली. सगळीच्या सगळी पटावर होती. त्यातल्या एकोणीस जणांच्या नावापुढे 'गोष्ट' लागलं. मुख्याध्यापकांना शाबासकी मिळाली आणि वाचनवर्ग शेजारच्या गावाला गेला. यादीची एक प्रत शाळेतही पोचली.

त्यानंतर ताईने पाहणीचं काम सोडलं. मला तिने कपाटात जुन्या वह्यांच्या खाली सरकवलं. तिथे दीड वर्ष मी अंधारात होतो. कपाट उघडलं की तिचा हात वह्यांपर्यंत यायचा आणि माझी कड लागली की मागे जायचा.

एका सकाळी मात्र तिने मला बाहेर काढलं. टकळी शाळेत जात नाही, असं तिच्या कानावर आलं होतं. मला पिशवीत घालून ती गिरणीत गेली. शाळेची वेळ होती आणि टकळी गिरणीच्या दारात डबे पुसत बसली होती. ताईने तिला हाक मारली. तिने मान वर केली आणि पुन्हा डबा पुसू लागली.

"शाळा नाही आज?" ताईने विचारलं.

"पटावर नाव आहे की," आत्या म्हणाली. पट्टा फिरत होता, त्या आवाजावर आवाज काढून ती बोलत होती. "पाचवीला मोठ्या शाळेत घातली. तिथे नवे सर. उभी केली आणि पहिलं पान वाच म्हणाले. हिच्या आधी कुणी वाचलेलंच नव्हतं. मग काय, दातखीळ. वर्ग हसला. ही म्हणाली, सर, मला वाचता येत नाही. सरांनी जुन्या शाळेतून आलेली यादी काढली. तुझ्याच त्या पाहणीच्या यादीत लिहिलंय ना, येतं म्हणून? सर म्हणाले, ही नाटकं करते. घरी आली तर मीही दोन धपाटे घातले. म्हटलं, छापील कागद खोटा आणि तू खरी काय गं? तेव्हापासून जात नाही. बोलतही नाही."

ताई आत्याच्या जवळ गेली. मग म्हणाली, "आत्या, ती खरं बोलली होती. कागदच खोटा होता. तिला गोष्ट पाठ होती. मला त्याच दिवशी कळलं होतं."

आत्याने बटण बंद केलं. पट्टा फटफट करत सावकाश थांबला.

"कळलं होतं, तर गप्प का बसलीस गं?"

"तुम्ही इतक्या खूश झाला होता."

"माझ्या खुशीचं काय लोणचं घालायचं होतं? अगं, मी पोरीला मारलं. खरं बोलली म्हणून मारलं."

ती टकळीकडे वळली. तिने पुढे होऊन टकळीच्या केसांतलं पीठ झटकलं, पुन्हा झटकलं, पीठ नव्हतं तिथेही झटकत राहिली. "चुकलं माझं," ती म्हणाली. टकळी हातातला डबा पुसतच राहिली.

ताई खाली बसली आणि तिने मला टकळीपुढे ठेवलं. टकळीने माझ्याकडे पाहिलं आणि फार दिवसांनी तिचा आवाज ऐकू आला. "हे मला येतं, ताई. पण हे वाचणं नाही."

"माहीत आहे," ताई म्हणाली. तिने पिशवीतून कात्री काढली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मी घाबरलो असेन. पहिल्यांदाच मला हलकं वाटलं. तिने माझ्या गोष्टीचा एकेक शब्द कापला. बत्तीस तुकडे झाले. ते डब्याच्या झाकणात घालून तिने हलवले आणि एक टकळीपुढे ठेवला. त्याच्या आधी काही नव्हतं, नंतरही काही नव्हतं. टकळीचे डोळे त्यावर गेले, हलले, अडले, मागे आले. माझ्या अंगावरून तिचे डोळे असे कधीच चालले नव्हते.

"वर," ती पुटपुटली. मग दुसरा. बराच वेळ. "हे येत नाही."

"बरं," ताई म्हणाली. "बाजूला ठेव."

आत्या थोड्या अंतरावर बसून पाहत होती. जरा वेळाने ती म्हणाली, "ते बाजूचे माझ्याकडे सरकव. मलाही येत नाहीत. दोघी मिळून बघू."

पहिल्या दिवशी सहा शब्द आले. सव्वीस बाजूच्या ढिगात राहिले. पुढच्या आठवड्यात ताई मोठ्या शाळेत जाऊन सरांना भेटली, साहेबांनाही सगळं कळवलं. साहेबांचं उत्तर आलं की, आकडे छापून झाले आहेत, आता बदलता येणार नाहीत. त्या वर्षीच्या पाहणीच्या पुस्तकात टकळी अजूनही घडाघडा वाचते आहे. तिच्यासारखी आणखी किती, ते मला माहीत नाही. खऱ्या टकळीच्या ढिगात आज नऊ तुकडे उरले आहेत. शाळेत ती पुन्हा जाते, पण हात वर करत नाही.

मित्रांनो, मी बत्तीस तुकड्यांचा एक जुना तक्ता, कुणाला उपदेश करण्याच्या लायकीचा नाही. तरी एक विनंती करतो. तुमच्यापुढे माझ्यासारखं कुणी धरलं आणि तुम्हाला येत नसेल, तर 'येत नाही' असं खुशाल म्हणा. आणि तुमच्या शेजारचं कुणी तसं म्हणालं, तर हसू नका. ते दोन शब्द म्हणायला टकळीला पाचवी उजाडावी लागली, आणि म्हणाली तेव्हा माझ्यामुळे तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.