हॉलो क्रीकची काळी गोटी

आमच्या हॉलो क्रीकच्या पाणी मंडळात सभासद तीनच, आणि कायदा असा की तिघांतले दोघे कुठेही पाण्याविषयी बोलले की ती सभा झाली. मग ती आधी जाहीर केलेली हवी, दार उघडं हवं, येईल त्याला बसू दिलं पाहिजे. बाकीचे दोघं जरा काणाडोळा करतात. आयडेला क्राउस नाही करत. किराणा दुकानाच्या रांगेत मंडळातला लाइल बास्कम तिच्या मागे उभा राहिला तर ही बाई त्याच्याशी नातवंडांवर बोलते. हवामानावरसुद्धा नाही, न जाणो पावसावरून पाण्याचा विषय निघायचा! चर्चमध्ये लाइल ज्या बाकावर, त्या बाकावर ती बसत नाही. सगळं खोरं हसतं तिला. मीही हसायचे.

आणि अशा बाईचा कारभार तपासायला ग्रेंजने, म्हणजे आमच्या शेतकरी संघाने, मलाच नेमावं! समिती तिघांची. अध्यक्ष रूथॅन, दुसरा म्हातारा ऑरिन, जन्मभर शाळेची बस चालवलेला, आणि तिसरी मी. तपासायचं एवढंच, की आयडेला शेजाऱ्यांशी किती मिळून वागली आणि कारभार किती उघडा ठेवला. संघाने पसंती दिली की निम्मी निवडणूक खिशात. लोक आमच्या पसंतीचं कार्ड फ्रिजला चिकटवतात आणि घरी आलेली मतपत्रिका त्याच्याकडे बघून भरतात.

सहकार्यात तिला नावं ठेवायला जागाच नव्हती. पलीकडच्या पाइन फ्लॅटशी आमचं पिढीजात वाकडं. दोन्ही गावांचे नळ हद्दीवर जोडलेले, पण मधल्या झडपेला कुलूप. गेल्या जानेवारीत कडाक्याच्या थंडीत टेकडीवरची आमची मुख्य नळी फुटली, तेव्हा आयडेलाने पाइन फ्लॅटला फोन केला आणि ते कुलूप काढवलं. तेव्हापासून झडप उघडीच आहे. टेकडीवरची घरं, आमचंही, त्याच पाण्यावर जगतात. या निवडणुकीत आयडेलाविरुद्ध उभा राहिलेला डेल क्रचर म्हणतो, निवडून आलो की दुसऱ्या दिवशी कुलूप.

घोडं पेंड खात होतं ते दुसऱ्या मुद्द्यावर. झडप उघडायचं आयडेला आणि लाइलने ठरवलं ते कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, न जाहीर करता. जिवावर बेतलं असेल तर कायदा तेवढी सूट देतो, पण मग कारण लोकांना सांगावं लागतं. आयडेलाने सांगितलं नाही. कोणाचं घर, कोणाचा जीव, एक अक्षर नाही. डेलला आयतं कोलीत मिळालं.

ते स्वयंपाकघर माझं.

आमच्याकडे टंचाईत पाणी आधी माणसांना आणि सगळ्यांत शेवटी जनावरांना. आमच्या मेंढ्या विण्याच्या बेतात होत्या, हौद कोरडा, आणि माझा नवरा गस बादल्यांत बर्फ वितळवून वितळवून रडकुंडीला आलेला. मेंढ्यांसाठी कोण कायदा मोडणार? मी आयडेलाला फोन लावला आणि हुंदके देत म्हटलं, "सासूबाईंना ताप आहे, ऑक्सिजनवर आहेत, घरात पाण्याचा थेंब नाही." सासूबाईंना तर नणंद आदल्याच दिवशी आपल्याकडे, स्पोकेनला घेऊन गेली होती.

दोघं धावत आली. आतल्या खोलीचं दार मी लोटून ठेवलं होतं. "आत्ताच डोळा लागलाय," मी म्हटलं. आयडेलाने दारातच बूट काढले, त्यांची झोप मोडू नये म्हणून, आणि त्या गारठ्यात नुसत्या मोज्यांवर उभी राहून तिने पाइन फ्लॅटला फोन केला. निघताना मी तिचा हात धरला. म्हटलं, आमचं नाव कुठे घेऊ नकोस, सासूबाईंना चर्चा खपत नाही. तिने शब्द दिला. लाइलनेही मान डोलावली. मेंढ्या वाचल्या, कोकरं वाचली. मी मात्र त्या दिवसापासून आयडेलाला टाळते.

आज दुपारी ती संघाच्या हॉलमध्ये आमच्यासमोर बसली. रूथॅनने सरळ विचारलं, "कोणाचं घर, आयडेला?"

"शब्द दिलाय. नाही सांगणार."

"पाणी मंडळ आहे का माहेरचं गुपित? लोकांनी काय समजायचं?"

"समजायचं ते समजू देत. पण कारण खरं होतं. माणसाच्या जिवाचा प्रश्न होता, हे मी शपथेवर सांगते."

माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मुद्दाम नाही बघितलं, माझा संशय येऊ नये म्हणून! मी पेन्सिलीला टोक करत बसले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच.

ती बाहेर गेल्यावर ऑरिन खवळला. "माझ्या बसमध्ये पोरं गप्प बसली की मी ओळखायचो, मागे काहीतरी जळतंय. उघडेपणाला शून्य!"

"आणि पसंती दिली तर पुढच्या आठवड्यात तिला अख्ख्या खोऱ्यासमोर व्यासपीठावर बसवावं लागेल," रूथॅन म्हणाली. "तिथे हाच प्रश्न दहा जण दहा तऱ्हांनी विचारतील. लाइल तर दबावाखाली लोण्यासारखा विरघळतो."

आणि ते घर कोणाचं हे लाइलला माहीत होतं.

आमची पद्धत जुनी आहे. लाकडी पेटीत हात घालायचा, आतल्या आत एक गोटी टाकायची, पांढरी नाहीतर काळी. तिन्ही पांढऱ्या निघाल्या तरच पसंती. एक जरी काळी निघाली तर नाही, आणि ती कोणाची हे कोणी कोणाला विचारायचं नाही. मी मनात हिशेब मांडला. ऑरिन काळी टाकणार, रूथॅनही बहुतेक टाकणार. म्हणजे आयडेला गेल्यातच जमा आहे. मग माझी एक त्यांत मिसळली तर काय बिघडलं? व्यासपीठ टळेल, खोदून खोदून विचारणं टळेल. चोराच्या मनात चांदणं! मी पेटीत हात घातला आणि काळी टाकली.

रूथॅनने पेटीचा खण ओढला. दोन पांढऱ्या. एक काळी.

ऑरिनने रूथॅनकडे बघितलं. रूथॅनने ऑरिनकडे बघितलं. एवढी आगपाखड करून दोघांनीही शेवटी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. मग दोघं खाली बघू लागले, कारण विचारायचं नसतं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"तू सांग तिला," रूथॅन म्हणाली. आवाज कोरडा होता.

आयडेला बाहेरच्या मोरीत सगळ्यांचे कॉफीचे मग विसळत होती. मी काय ते सांगितलं. तिने हात पुसले.

"ऑरिनची असणार," ती म्हणाली. "हट्टी आहे म्हातारा. असू दे. तू एवढंसं तोंड करू नकोस. तुझी पांढरी होती हे मला न सांगता कळतं."

"आयडेला..."

"सासूबाई कशा आहेत? तेवढं बरं चाललंय ना? मग माझी तक्रार नाही बघ."

तिने शिव्या दिल्या असत्या तर मी गिळल्या असत्या. हे नाही गिळवलं. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "त्या दिवशी सासूबाई घरात नव्हत्या. स्पोकेनला होत्या. मेंढ्यांना पाणी हवं होतं."

मला वाटलं, आता थोबाडीत देते. पण तिचा चेहरा रागाने नाही, भीतीने उतरला.

"पण मी आत आत्ता शपथेवर सांगून आले," ती म्हणाली. "माणसाच्या जिवाचा प्रश्न होता म्हणून."

"तुला कुठे माहीत होतं?"

"खोटं ते खोटंच. मग ती काळी गोटी बरोबरच पडली की गं." तिने हातातलं फडकं नीट घडी करून ठेवलं. "आत जाऊन सांगायला हवं, कारण खरं नव्हतं म्हणून. तू घाबरू नकोस. तुझं नाव नाही घेणार. शब्द दिलाय."

आणि ती गेलीसुद्धा. गोटीचं मला अजून सांगायचं होतं. दार तिने सवयीने उघडंच ठेवलं.

"मघाशी मी बोलले ते चुकीचं होतं," तिचा आवाज आला. "कोणाच्या जिवावर बेतलं नव्हतं."

"म्हणजे तू खोटं बोललीस?" हा ऑरिन. दुखावलेला.

"माझी फसगत झाली."

"कोणी फसवलं तुला?" रूथॅनने विचारलं.

रूथॅनने पुन्हा विचारलं, मोठ्याने. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. जायला हवं होतं, कळत होतं. मी वळले, मोरीतला नळ पुरता सोडला आणि आतलं ऐकू येऊ नये म्हणून धुतलेले मग पुन्हा धुवायला लागले.