पहिली पसंती

नरहरीभाऊंची अख्खी नोकरी लोकांना क्वार्टर मिळवून देण्यात गेली. म्हणजे देणारे साहेब वेगळे, भाऊ आपले स्टील कारखान्याच्या टाउनशिपच्या ऑफिसातले साधे क्लार्क. पण अर्जावर कोणता सेक्टर कितव्या नंबरावर लिहायचा हे विचारायला लोक त्यांच्याच टेबलाशी यायचे. भाऊंचा मंत्र ठरलेला होता. मनातलं घर पहिल्या नंबरावर लिहायचं नाही. पहिला नंबर कापला जातो, सगळे सिनिअर तिथंच टपलेले असतात. तेव्हा तिथं आपल्या आवाक्याच्या जरा बाहेरचं काहीतरी लिहायचं. अगदी साहेबाचा बंगलाही मागायचा नाही, लोक हसतात. पहिलं देता आलं नाही म्हटलं की ऑफिसला दुसरं द्यावंच लागतं. या मंत्रावर कितीतरी जणांनी सेक्टर दहामध्ये संसार थाटले आणि भाऊंना पेढे आणून दिले. भाऊंचं कधी चुकलं नाही, आणि हीच पुढं पंचाईत झाली.

रिटायर झाल्यावर ते जवळच्याच स्मृति नगरात स्वतःच्या घरात राहायला आले. घरात तिघंच, भाऊ, त्यांच्या पत्नी साधनाबाई आणि उशिरा झालेली एकुलती एक उत्कर्षा. पोरीला वकील व्हायचं होतं. लॉची देशभराची परीक्षा तिनं चांगल्या नंबरानं पास केली आणि कॉलेजांची पसंती भरायची वेळ आली. तिच्या मनात एकच कॉलेज होतं, तासाभरावरच्या रायपूरचं. दर शनिवारी घरी येता येईल म्हणून.

घरी यायचं कारण साधनाबाईंचे डोळे. त्यांची नजर कडेकडेनं मिटत चालली होती. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. भाजी चिरताना ताटाबाहेर गेलेला कांदा त्यांना सापडत नसे. औषध नाही, ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हळूहळू समोरचंही जाईल. दोन वर्षं, तीन वर्षं, नक्की कोणी सांगत नव्हतं. लॉचा कोर्स मात्र नक्की पाच वर्षांचा होता. आईला दिसतंय तोवर आईच्या समोर असावं, एवढंच त्या पोरीला हवं होतं.

पसंती भरायला बाप-लेक कंप्युटरसमोर बसले. उत्कर्षानं पहिल्या नंबरावर रायपूर टाकलं, तसा भाऊंनी तिचा हात धरला.

"पयल्या नंबरावर मनातलं टाकत नसतात, बेटा. कोची टाक. तिथं तुले कोण देते? तो नंबर कापला गेला की रायपूर आपोआप पदरात पडते."

"बाबा, ये सब कंप्युटर करतो. त्याले काय समजते, कोणाच्या मनात काय हाय?"

"अन् कंप्युटर कोण चालवते? माणूसच न? तीस वर्षं हेच करून राहिलो होतो मी."

पोरीनं आईकडं पाहिलं. साधनाबाई म्हणाल्या, "बाबांचं ऐक. त्याइले यातलं समजते." लहानपणापासून लोकांना बापाकडं सल्ला मागायला येताना पाहिलेली पोर ती. तिनं कोची वर घेतलं आणि रायपूर खाली ढकललं.

त्या वर्षी काय झालं कोण जाणे, वरच्या नंबरांची पोरं दुसरीकडं गेली आणि कोचीचा प्रवेशाचा आकडा खाली सरकला. सरकला तो बरोबर उत्कर्षापर्यंत. कोची मिळालं. आणि पहिली पसंती मिळाली म्हणून खालच्या सगळ्या पसंत्या रद्द झाल्या, रायपूरसकट. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

भाऊंनी हेल्पलाइनला फोन लावला. आपलं म्हणणं त्यांनी हिंदीत नीट मांडलं, की पहिला नंबर खरा नव्हता, दुसरा खरा होता. पलीकडची मुलगी फार सभ्य होती. "सर, आपको तो फर्स्ट प्रेफरेंस मिला है। बधाई हो।" भाऊंनी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा बधाई दिली. सिविक सेंटरच्या बाजारातल्या कोचिंगवाल्या सरांना भेटायला गेले, तर सरांनी उत्कर्षाचा फोटो बाहेरच्या बोर्डावर लावायला मागितला. शेजारच्या विजयाताई नारळ घेऊन आल्या. कुणापुढं रडायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. घेतली तर जागा कोचीची, नाहीतर ती सोडून द्यायची आणि वर्षभर पुन्हा अभ्यास करायचा. तिसरी वाट नव्हती. ज्या माणसाला शेकडो वाटा ठाऊक होत्या, त्याला एकही दिसेना.

संध्याकाळी तिघं बैठकीत बसले. उत्कर्षा म्हणाली, "मी सोडते सीट. इथंच राहून पुढच्या साली पेपर देईन."

भाऊ लगेच म्हणाले, "हाव, तसंच कर." आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. चूक आपली आणि वर्ष पोरीचं. पण शब्द परत घ्यायचीही त्यांची हिंमत झाली नाही. लेक जवळ राहावी असं त्यांनाही वाटत होतं. आंधळी होत चाललेली बायको आणि आपण, या घरात दोघंच, या विचाराला ते घाबरत होते.

साधनाबाईंनी लेकीला समोर बसवलं. मग म्हणाल्या, "जायचं कोचीले. माझ्यासाठी घरी बसली तर मी तुझं तोंड कोणत्या तोंडानं पाहू?"

"आई, दीड दिवसाची गाडी हाय. मैं साल में दो बार आऊँगी, बस."

"मग दोनदा पाहीन."

पोर रडली, भांडली, जेवली नाही. साधनाबाई हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उत्कर्षानं जागा पक्की केली. कीबोर्ड बडवत होती जशी काही चूक त्याचीच होती. बापाला तिनं एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर भाऊंना तो दिवस काढणं सोपं गेलं असतं.

दुपारी साधनाबाई म्हणाल्या, "अहो, सिविक सेंटरले जा. पोरीच्या मापाचा वकिलाचा काळा कोट घेऊन या. अन् ते गळ्यातले पांढरे बँडही."

"आत्ताच कावून? वकील व्हायले पाच वर्षं हायत तिले."

"तिले हायत."

भाऊ उठले. चपला घालून निघाले. कोट आणला, जरा ढगळच आला. उत्कर्षानं तो घातला, बँड बांधले, केस मागं घेतले. साधनाबाईंनी दिवसाउजेडीही ट्यूबलाइट लावायला सांगितली.

"थोडी समोर ये. नाही, तिकडं नको सरकू, तिकडं नाही दिसत. हां, इथं." मग त्यांनी लेकीला डोक्यापासून हळूहळू खाली पाहिलं, थोडं थोडं, कारण एकदम सगळी दिसत नव्हती. "बाह्या वर कर. जजसमोर कशी उभी राहशील? तशी राह्य."

उत्कर्षा ताठ उभी राहिली. आईच्या नजरेसमोरून जराही हलली नाही.

"छान दिसते माझी वकिलीण," साधनाबाई म्हणाल्या. "तुमी पाह्यलं का? कुठं हाय तुमी?"

नरहरीभाऊ त्यांच्या डाव्या हाताशीच, दाराला टेकून उभे होते. तोंडावर हात धरून रडत होते. त्या बाजूचं बायकोला दिसत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते तिथून हलले नाहीत.

"इथंच हाय," ते म्हणाले. "पाहून राहिलो."