शिवेबाहेरचं अंथरूण

आमच्या ह्यांना, म्हणजे रविंद्रना, माणूस कळायचा तो रेल्वेच्या डब्यावरून. जनरलमध्ये बसणारा त्यांच्या लेखी माणसांत जमाच नाही. स्लीपरची खिडकी म्हणजे धूळ आणि पुढच्याने भरलेली चूळ आपल्या तोंडावर. थ्री एसीत मधला बर्थ लावला की खालच्याने मान मोडून बसायचं आणि वरच्याचे मोजे हुंगायचे. आणि फर्स्ट एसीत दार लावून तीन अनोळखी माणसांचा श्वास आपण घ्यायचा. सेकंड एसीचा साइड लोअर बर्थ मात्र त्यांचा जीव की प्राण. एक पडदा ओढला की जग बंद, आणि खाकी कागदाच्या पाकिटातून निघणाऱ्या कडक इस्त्रीच्या दोन पांढऱ्या चादरी. चिकूच्या व्यापाऱ्याकडे कामाला असल्यामुळे ते दर महिन्याला डहाणू रोडहून जयपूरला जायचे, आणि परत आले की त्या चादरींचं असं कौतुक करायचे, जणू मी घरी त्यांना गोणपाटावर झोपवते.

हे कौतुक चालायचं तेव्हा मागच्या खोलीत माझ्या सासूबाई, नवशीआय, खाटेवर पडून असायच्या. उभा जन्म बोंबील वाळवण्यात आणि विकण्यात गेलेली ती बाई कंबर मोडून पडली आणि पडून पडून पाठीला जखमा झाल्या. जखमांचं पाणी खालच्या गोधडीत झिरपायचं. गोधडी कितीही धुतली तरी कमरेच्या जागी पिवळा, कडेने तपकिरी डाग राहायचाच, आणि वास तर बोलूच नका, सुक्या मासळीचा, मलमाचा आणि त्याच्याखाली काहीतरी गोडसर कुजल्याचा. मी सगळं केलं. किळस येत नव्हती असं नाही, चांगली येत होती, तोंडात घास फिरायचा. पण हे मात्र नाकाला रुमाल लावून दारातच उभे राहायचे आणि "शी" म्हणायचे. आय हात पुढे करून रोज एकच मागायची.

"रवी, एकदा उशाशी बस ना रं."

ह्यांनी शेवटपर्यंत उंबरा ओलांडला नाही.

आय गेली. आमच्या मच्छीमार आळीत माणूस गेलं की त्याचं अंथरूण थोरल्या मुलाने उघड्या हाताने उचलायचं, खाडी ओलांडून शिवेबाहेर ठेवायचं आणि मागे न बघता घरी यायचं. ह्यांनी झाडूच्या दांड्याने ती गोधडी काळ्या पिशवीत ढकलली, पुढच्या फेरीला पिशवी गाडीत नेली आणि आपल्या लाडक्या बर्थखाली सोडून आले.

"तुमची शीव खाडीपर्यंत," आल्यावर ऐटीत म्हणाले, "मी गुजरात ओलांडून पार राजस्थानात टाकली."

मीही हसले. शेजारच्या जानीमावशी ओट्यावर कोळंबी सोलत होत्या, त्या हसल्या नाहीत. "पन गाडी परत येते ना रं, रविंद्रा?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्यानंतरच्या फेरीहून हे आले ते उतरल्या चेहऱ्याने. पाकीट फोडलं तर आयच्या खोलीचा वास आला म्हणे. अटेंडंटने दुसरं पाकीट दिलं, तिसरं दिलं, शेवटी चादर स्वतःच्या नाकाशी नेऊन म्हणाला, "साब, इसमें तो कुछ नहीं है." पुढच्या फेरीला त्यांनी माझंही तिकीट काढलं. "तू बघ, निलम, आणि मला वेड लागलंय का ते सांग."

उंबरगावच्या पुढे अटेंडंट पाकिटं देऊन गेला. ह्यांनी पडदा ओढला आणि आपलं पाकीट माझ्या मांडीवर ठेवलं. मी ते फोडलं. वर पांढरी चादर, खाली पांढरी चादर, आणि मध्ये तशाच चौकोनी घडीत, कडक इस्त्री केलेली आयची गोधडी. माझ्या जुन्या साडीचं हिरवं ठिगळ होतं, त्यावरचा टाकाही माझाच. घडी अशी घातली होती की डाग बरोबर वर आला होता. मी त्याला बोट लावलं. तो ओला होता, आणि कोमट. मांडीवरचं तसंच टाकून मी बेसिनकडे धावले.

परत आले तेव्हा गोधडी खाली पडलेली आणि हे तिच्यापासून जमेल तितके दूर उभे.

"उचला," मी म्हटलं. "सुरत येईल. हाताने उचला, स्टेशनाबाहेर ठेवा आणि मागे बघू नका. लेकाचंच काम आहे ते, दुसऱ्या कुणाच्या हातून भागायचं नाही."

ते वाकले. बोटं डागापासून वीतभरावर थांबली. मग तोच हात खिशात गेला आणि रुमाल घेऊन बाहेर आला. गोधडी त्यांनी बुटाच्या टोकाने पुन्हा बर्थखाली लोटली आणि "शी" म्हणाले. मला त्या क्षणी गोधडीपेक्षा ह्या माणसाची जास्त किळस आली, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर त्यांनी सेकंड एसी सोडला. स्लीपरमध्ये अंथरूण देत नाहीत, म्हणून जन्मभर ज्याला नावं ठेवली त्याच डब्याने, धूळ खात, नुसत्या बाकावर पाठ टेकून जाऊ लागले. सुटलो, असं आम्हाला वाटलं. मग त्यांच्या शर्टाला मागे पिवळा डाग दिसायला लागला. मी म्हटलं, घाम असेल. रात्रभर साबणात भिजवूनही तो निघेना, तेव्हा मी त्यांना शर्ट काढायला लावला.

डॉक्टरांनी पाठ बघितली आणि मला विचारलं, किती महिने अंथरुणावर आहेत? हा माणूस तर आदल्या दिवशीपर्यंत हमालांबरोबर उभा राहून चिकूच्या पेट्या चढवून घेत होता.

आता ते मागच्या खोलीत असतात, आयच्या खाटेवर. दुसरीकडे कुठे पाठ टेकवत नाही म्हणतात. त्यांच्या आवडीची, कडक इस्त्रीची पांढरी चादर मी रोज घालते आणि रोज काढून भिजत टाकते. काल दुपारी ताट घेऊन गेले, तर त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला.

"निलम, एकदा उशाशी बस ना."

येते, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की ताट मी उंबऱ्याबाहेरच ठेवलंय आणि ओढणी केव्हाची नाकाला लावलेली आहे.