पुढच्या फळीवरची जागा

कृष्णरावांनी पिवळ्या वायरचं टोक दातांनी सोललं, थू करून प्लास्टिक थुंकलं आणि तांब्याची तार बोटांत पिळली.

"आता हे एकच बाकी हाय," ते म्हणाले.

त्यांची एकुलती मुलगी रीना डायल धरून उभी होती. स्मृति नगरच्या त्या अंगणात निळा ड्रम पाण्यानं भरून ठेवला होता. त्याच्या काठाला बोटीची जुनी मोटर आवळलेली, पंखा पाण्यात. आंब्याच्या फांदीला आईचा अस्थिकलश पांढऱ्या फडक्यात बांधून टांगला होता. उद्या दहावा. शिवनाथ नदीच्या मधल्या धारेत तिला मीच नेणार, असं बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. इथल्या मराठी मंडळाचे प्रशांतभाऊ दुसरा नावाडी देतो म्हणाले, तर बाबा उत्तर न देताच आत गेले.

सगळ्यांना भीती एकच. आई दवाखान्यात असताना बाबा एकदा बोट घेऊन एकटेच गेले आणि मोटर नदीच्या मधोमध जाम झाली. मेकॅनिक म्हणाला, फार पळवली. बाबा म्हणाले, पेट्रोलात भेसळ होती, इतकी की मासे पिऊन झिंगले.

मोटर दुरुस्त होऊन आल्यावर हा काटा त्यांनी स्वतःच मागवला. मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा. रीनाला नवल वाटलं ते त्याचंच. हा माणूस पोलाद प्लँटच्या रोलिंग मिलमध्ये छत्तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. नंदिनी गावच्या खाणीत सुरुंग उडाला की किती ट्रक चुनखडी निघाली ते इथं खाटेवर बसून सांगायचा. एका माशाला सर्दी झालेली म्हणे त्यानं आवाजावरून ओळखली होती. मोटर तर कानावरच चालवायचा.

"तुमाले काटा कावून पायजे, बाबा?"

ते वाकून स्क्रू आवळत राहिले. आई गेल्यापासून ते असेच झाले होते. तिनं परत विचारलं नाही.

डायलच्या मागे बारीक खटका होता, त्यावर दोन, चार, सहा असे आकडे. कृष्णरावांनी मोटरच्या चाकाखालचे चुंबकाचे पोल बोटानं मोजले. चार. खटका चारवर केला. प्लँटच्या मोटरींचे पोल मोजण्यात जन्म गेला, त्यात विचार काय करायचा. कागद त्यांनी उघडलासुद्धा नाही.

स्कूटीची बॅटरी जोडली, दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला मोटर लागली आणि काटा थरथरत उठला.

"इकडे पाय, पोरी. अडीच हजारावर ठेवली का थेंबभर पेट्रोलात रायपूर गाठते."

त्यांनी मोटरची मूठ फिरवली. काटा दीड हजारावर आला तेव्हाच मोटर किंचाळायला लागली. दोन हजारावर ड्रम हलला, पाणी काठावरून उडालं, शेजारच्या सिंधुताई हातातली भाजी तशीच घेऊन गच्चीवर आल्या. काटा निवांत होता. बाबाही निवांत होते, अडीच हजाराच्या आकड्याकडे डोळे लावून.

"बाबा, कमी करा."

ते काट्याकडे पाहून हसले. तिनं त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. तरी हसलेच.

रीना त्यांच्या समोर आली. काही सुचेना, तशी तिनं तळहात जमिनीकडे करून हळूच खाली दाबला.

मूठ लगेच मागं फिरली. काट्याकडे न पाहताच.

तिचा हात हवेतच राहिला. आई बोटीत नेहमी उलटी बसायची, पुढच्या फळीवर, पाण्याकडे पाठ करून. बाबा घाटावर सगळ्यांना सांगायचे, माह्यं तोंड पायल्याबिगर तिले करमतच नाही. आईचा उजवा हात मांडीवरून जरासा वर व्हायचा, जरासा खाली. रीनाला वाटायचं, मनात गाणं म्हणत असेल.

मोटर बंद करून बाबा तिच्या हाताकडे पाहत राहिले.

"किती वर्सं झाली, बाबा?" ती त्यांच्या समोर बसून सावकाश बोलली.

त्यांनी तिच्या ओठांवरून ते वाचलं. गमछ्यानं हात पुसले, परत पुसले.

"मिलमंदीच गेले कान. तुही आई म्हने, सांगू नका कोनाले. गप्पा हाननारा मानूस बहिरा शोभत नाही."

ते हात धुवायला गेले तेव्हा रीनानं डायलसोबत आलेला कागद उलगडला. पोल सुटे मोजायचे नाहीत, जोडीनं मोजायचे, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे काटा निम्मेच फेरे दाखवत होता. तिनं खटका दोनवर केला आणि कागद खिशात घातला.

सकाळी घाटावर प्रशांतभाऊंनी तिला मागे, बाबांजवळ बसायला सांगितलं; तोल गेला तर सावरायला कुणी हवं. काटा आता बरोबर दाखवत होता.

रीना पुढच्या फळीवर जाऊन बसली, पाण्याकडे पाठ करून. कलश मांडीवर घेतला. तो तिनं डाव्या हातानं धरला. उजवा मोकळा ठेवला.