नोगुचीबाई पोरगी पाहाले आल्या

आम्ही काही येडे नाही, हे आधीच सांगून ठेवते. जपानचा फुटबॉल क्लब आमच्या रविताले खेळासाठी पाहाले येऊन राहिला, लग्नासाठी नाही, हे घरात साऱ्यांले ठाऊक होतं. बायांचा क्लब तो, पगार देऊन खेळवते. रविता गोलकीपर. तिच्या उमेंद्र सरनं तिच्या खेळाचे व्हिडिओ तिकडं धाडले, ते त्यांले आवडले. आता शेवटचं पाहून घ्याले त्यांची एक बाई आमच्या दरेकसाले येणार होती.

पण पोरगी पाहाले कोणी आलं तं कसं वागाचं, याची आमच्याकडं एकच रीत. तेच आम्ही केलं. अंगण सारवलं, पोहे भिजवले, रविताले माही मोरपंखी साडी नेसवली. ती म्हणे, "मोठी माय, मी गोलमध्ये उभी राहते. साडी कायले?"

मी म्हटलं, "चूप बस. मान खाली ठेव, विचारलं तेवढंच बोल."

तिची माय ती रांगत होती तेव्हाच गेली. बिसनलाल, तिचा बाप, माहा देवर. त्याच्यानं कोंबडी वळत नाही, तं पोरगी काय वळणार. तेव्हापासून तिले चूप बसवाचं काम माह्याकडंच आहे, अन् आजवर कधी जमलं नव्हतं. नेमकं त्या दिवशी जमलं.

नोगुचीबाई सकाळच्या गाडीतून उतरल्या. संगं नागपूरची आचल, दोन्हीकडचं बोलणं समजावून सांगाले. बाईनं जोडे बाहेरच काढले, सरळ रेषेत लावले अन् मग आत आल्या. आमच्या जावयाले मी लग्नापासून हेच सांगून राहिली. आमचा शेतशेजारी टेकचंदही येऊन बसला होता. त्याले कोणी बोलावलं नव्हतं. पण त्याच्या भाच्यासाठी, हेमेंद्रसाठी, रविता त्याच्या मनात होती. जपाननं नाही म्हटलं तं तिथंच बोलणी काढाची, असा त्याचा बेत. आम्हीही त्याले उठवला नाही.

बाईनं विचारलं, पोरगी कशी आहे.

"गाय आहे जी, गाय," बिसनलाल म्हणाला.

आमचे हे म्हणाले, "घरात आहे का नाही, समजत नाही."

मी कायले मागं राहू. मी म्हटलं, "कोणाले उलटून बोलत नाही. तिचा आवाज शेजाऱ्यानं आजवर आयकला नाही."

शेजारची मंदाबाई दारात उभी होती. तिले ठसका लागला.

नोगुचीबाईचं तोंड उतरत गेलं. आचलशी त्या हळूच काही बोलल्या. आचल म्हणाली, "मॅडम म्हणतात, झेप तर व्हिडिओत पाहिली. पण गोंगाटात हिचा आवाज काही ऐकू आला नाही. गोलकीपरला मागून सगळं मैदान दिसतं. समोरच्या पोरी वयानं मोठ्या असोत की लहान, हिनं ओरडून त्यांना हलवायचं असतं. हिला आवाज आहे का, तेवढंच पाहायला त्या आल्या. नसेल, तर नाही जमणार."

घ्या. आम्हीच आमच्या पोरीचं तोंड शिवून ठेवलं होतं. रविता मान खाली घालून बसली होती अन् डोळ्यांचं पाणी पोह्यांवर पडून राहिलं होतं. थंडीत, अंधारात उठून मैदानावर पळणारी पोरगी ती. मले तिच्याकडं पाहवेना.

टेकचंद मात्र खूश. "इतकी गरीब पोरगी? आपल्या हेमेंद्रले अशीच पाहिजे."

आता मी खरं बोलली अन् तरीही जपाननं नाही म्हटलं, तं झालं. टेकचंद ते गावोगाव वाजवणार अन् तिच्यासाठी कोणी दारात येणार नाही. हे मले कळत होतं. पण माह्या पोटात काही राहत नाही.

"सारं खोटं आहे," मी म्हटलं. "गाय कायची, ही मारकुंडी आहे. बापाले उलटून बोलते, मले तं रोजच. एस.टी.च्या कंडक्टरशी भांडली. अंगणातून हाक मारली तं टेशनवरचा माणूस बाहेर येऊन पाहते. या टेकचंदलेच एकदा बांधावरून हाकललं, इचारा त्याले."

टेकचंदनं पोहे खाली ठेवले. "ते खरं आहे," तो म्हणाला.

नोगुचीबाईनं पिशवीतून बॉल काढला. गोठ्याच्या दोन खांबांमधी रविताले उभी केली अन् तिच्या पुढं आम्हाले: बिसनलाल, आमचे हे, टेकचंद अन् मी. म्हणाल्या, मी बॉल मारणार, यांले हलव.

घरात उलटून बोलणं येगळं. ज्यांच्यापुढं ती खाटेवर बसत नाही, त्यांच्यावर पाहुणीसमोर ओरडाचं. तिच्या तोंडून शब्द फुटेना. बाई बॉलवर पाय ठेवून थांबल्या होत्या. मग त्या आचलकडं वळल्या, आता नाहीच म्हणणार.

मी मागं वळून हळूच म्हटलं, "पोरी, आजचा दिवस माहं आयकू नको."

रवितानं पदर कमरेले खोचला.

"मोठी माय, डावीकडं. आणखी. बाबा, मांगं या. मोठे बाबा, तिथंच. टेकचंद काका, कमरेवरचा हात काढा अन् पुढं व्हा, खुंट्यावानी कायले उभे?"

गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. बिसनलाल धावला, मी धावली, टेकचंदही धावला, अन् कायले धावला हे त्याचं त्याले कळलं नाही. बाईनं मारलेला बॉल धपकन माह्या पोटाले लागून परत गेला. आचल म्हणाली, पोट नेमकं तिथंच पाहिजे होतं.

आमच्याकडं पसंतीचा निरोप आठ-पंधरा दिवसांनी मधल्या माणसाच्या तोंडून येते. नोगुचीबाईनं तिथंच सांगितलं. आधी बिसनलालपुढं कमरेतून वाकल्या, मग माह्यापुढं. पोरगी पाहिजे म्हणाल्या, उन्हाळ्याच्या आधीच पाहिजे.

साऱ्यांले एकदम बोलाले सुचलं. मंदाबाई उरलेले पोहे वाढत फिरली. टेकचंद म्हणे, मी तं पहिलेच ओळखलं होतं. मी ओट्यावर जाऊन बसली. जपान किती दूर, मले ठाऊक नाही. माही हाक तिथवर जात नाही, एवढं ठाऊक आहे.

रविता आली, साडीनंच घाम पुसत. "मोठी माय, काऊन गप्प बसली? बोल ना काही."

मी तोंड उघडलं, तं आवाजच निघेना. मले रडू आलं. मी हातानंच तिले म्हटलं, जाय.