दगडाची थाप

मिस्त्रीचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि डावा डोळा नकली होता. पाच-सहा वर्षांनी तो खरखरीत झाला, की नवा करून घ्यावा लागे. यंदा बुबुळ रंगवता रंगवता डोळे बनवणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, डोळा गेला कशाने? लहानपणी दगड लागला, असं तो सगळ्यांना सांगे. लग्न जुळताना आईनेच तसं पढवलं होतं. पण बाईंपुढे कशाला लपवायचं? तान्हा असताना डोळ्यात गाठ झाली होती, असं तो बोलून गेला.

बाईंचा ब्रश थांबला.

"मूलबाळ आहे?"

"चार महिन्यांची मुलगी."

"तिचे डोळे तपासून घ्या. उद्यावर टाकू नका. ही गाठ कधी कधी बापाकडून लेकरात उतरते."

मिस्त्री तडक निघाला. घरी चिमी पाय झाडत खिदळत होती. त्याने तिला खिडकीशी नेऊन डोळ्यांत निरखून पाहिलं. बुबुळं काळीभोर दिसत होती, पण नुसत्या नजरेवर त्याचा विश्वास बसेना. कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकोला त्याने सगळं सांगून टाकलं.

तिने हातातली घडी खाली ठेवली.

"दगड मारणाऱ्या पोराचं नावसुद्धा सांगितलं होतंत तुम्ही मला," ती म्हणाली आणि चिमीचं दुपटं शोधायला उठली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. "सायकलच्या दोन ब्रेकांसारखं. एक जन्मतःच निकामी असला तरी दुसऱ्यावर निभावतं. डोळ्यातल्या एखाद्या पेशीत तोही गेला, की ती वाढतच सुटते."

ब्रेक गेलेली सायकल उतारावर काय करते, हे मिस्त्रीला कुणी सांगायला नको होतं. त्याने संमतीच्या कागदांवर सही केली. भूल देऊन डोळे तपासायला चिमीला आत नेलं. बायको बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. आपणच लेकीला हे दिलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. उजव्या डोळ्यात मोहरीपेक्षाही बारीक गाठ सापडली होती. ती लेझरने जाळली. डोळा बहुधा वाचेल. मात्र नवी गाठ कधीही उठू शकते, तेव्हा दर महिन्याला यायचं, आणि अशी बरीच वर्षं.

घरून निघाल्यापासून बायकोने प्रथमच त्याच्याकडे पाहिलं. "अजून काही लपवलं असेल, तर आत्ताच सांगा."

"नाही," तो म्हणाला.

नर्सने शुद्धीवर आलेली, रडणारी चिमी आणून दिली. तिने ती त्याच्या हातात दिली आणि पुढची तारीख घ्यायला नोंदणीच्या खिडकीकडे गेली.